रिन्यूअल फसल्यावर काय होतं? स्ट्राइपवर एंड-टू-एंड टेस्ट लिहिण्याचा माझा अनुभव

मासिक सबस्क्रिप्शनचे पैसे दुसऱ्या महिन्यात कापले गेले नाहीत तर आपलं ॲप ग्राहकाचा ॲक्सेस नीट थांबवतं का? मॉक, म्हणजे खऱ्या सेवेच्या जागी बसवलेली नकली, लावून ही टेस्ट लगेच हिरवी (पास) होते, पण आपण जे गृहीत धरलं तेवढंच मॉक परत करतो. त्यामुळे हा एक फ्लो सुरुवातीपासून शेवटपर्यंत (एंड-टू-एंड) मी स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेच्या सँडबॉक्सवरच, म्हणजे खरे पैसे न कापणाऱ्या चाचणीच्या वातावरणातच चालवतो.

महिनाभर थांबायचं नसेल तर टेस्ट क्लॉक, म्हणजे हवं तेवढं पुढे नेता येणारं स्ट्राइपचं खोटं घड्याळ लागतं. आधी क्लॉक, मग त्याला जोडूनच कस्टमर, मग सबस्क्रिप्शन. जुना कस्टमर मागाहून क्लॉकला जोडता येत नाही. पहिलं पेमेंट 4242 4242 4242 4242 या कार्डावर करायचं, नंतर 4000 0000 0000 0341 हे कार्ड जोडून डिफॉल्ट करायचं. हे कार्ड कस्टमरला विनातक्रार जोडलं जातं आणि पैसे कापतानाच नकार देतं. शेवटी 0002 असलेलं नेहमीचं नकाराचं कार्ड इथे चालत नाही, ते जोडतानाच अडतं. सबस्क्रिप्शनवर स्वतंत्र डिफॉल्ट असेल तर नुसतं कस्टमरचं डिफॉल्ट बदलून उपयोग नाही. जुन्याच कार्डावर पैसे जातात आणि टेस्ट का फसली ते शोधत बसावं लागतं.

आता क्लॉक पुढे न्यायचं. बरोबर एक महिना नेलं तर इन्व्हॉइस (बिल) ड्राफ्टमध्येच, म्हणजे कच्च्या स्थितीत दिसतं, कारण ते फायनल व्हायला साधारण तासभर जातो. मी एक महिना आणि दोन तास पुढे नेतो. रिक्वेस्ट लगेच परत येते, पण क्लॉक मागे चालूच असतं. त्याचं स्टेटस ‘रेडी’ होईपर्यंत दर दोन सेकंदांनी विचारायचं, कमाल मर्यादा ठेवून. ‘रेडी’ झालं तरी वेबहुक, म्हणजे घडलेल्या इव्हेंटबद्दल स्ट्राइप आपल्या सर्व्हरला पाठवतं ते संदेश, पोचलेच असतील असं नाही. म्हणून पुढची वाट आपल्या डेटाबेसमधलं सबस्क्रिप्शन ‘पास्ट ड्यू’ (थकीत) होण्याची पाहायची. ठरावीक सेकंदांचा स्लीप टाकलेली टेस्ट आज ना उद्या अधूनमधून पडायला लागतेच.

वेबहुकच्या क्रमाची हमी नसते आणि तोच इव्हेंट दोनदा येऊ शकतो. सँडबॉक्समध्ये हे आपोआप घडेलच असं नाही, त्यामुळे सेव्ह केलेले इव्हेंट स्वतः साइन करून दोनदा, उलट्या क्रमाने पाठवणारी वेगळी टेस्ट हवीच. संदेश स्ट्राइपकडूनच आला हे दाखवणारी ही सही कच्च्या बॉडीवर, म्हणजे जसा आला तशाच मजकुरावर तपासली जाते. फ्रेमवर्कने जेसन पार्स करून पुन्हा लिहिलं की ती जुळत नाही. टाइमस्टॅम्प मात्र ताजा घाला, लायब्ररी पाच मिनिटांपेक्षा जुनी सही नाकारते.

आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट दोनदा गेली तरी काम एकदाच व्हावं म्हणून सोबत दिलेली खूण) मध्ये सीआयचा, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचा रन नंबर आणि कितवा प्रयत्न आहे, दोन्ही घाला. नाहीतर जॉब पुन्हा चालवल्यावर जुनंच उत्तर परत मिळतं, तेही पुसून टाकलेल्या कस्टमरचं. ब्राउझरमधला कार्डाचा फॉर्म ऑटोमेट करू नका; त्यात ऑटोमेशन अडवणारे सुरक्षेचे उपाय आहेत, सर्व्हरवरून टेस्ट पेमेंट मेथड द्या. शेवटी, टेस्ट पडली तरी कोडचा जो भाग हमखास चालतो तिथे क्लॉक डिलीट करा. त्यासोबत कस्टमर आणि सबस्क्रिप्शनही जातात.