तुम्ही विचारलेत म्हणून: आकाशात जागा कमी का पडते?

माझी सारी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात झाली, हे कळले की लग्नाच्या पंगतीतसुद्धा एक प्रश्न हमखास येतो: एवढे मोठे आकाश असताना दोन विमाने एकमेकांवर आदळतातच कशी? परवा पुतण्याने तोच विचारला. त्याच्या खिडकीखालून दुसरे विमान सर्रकन उलट दिशेने गेले होते.

विमानतळाजवळचे आकाश मुळात मोठे नसतेच. चारी दिशांना पांगलेली विमाने तिथे आखलेल्या वाटांवर आणली जातात आणि दिशादर्शक उपकरणे जितकी अचूक, तितकी ती वाटेच्या बरोबर मधोमध उडतात. समोरासमोर येणाऱ्या दोघांना वेगळे ठेवतो तो केवळ उंचीचा आकडा. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीच्या पश्चिमेला चरखी दादरीवर नेमका तो आकडा हरवला.

दिल्लीभोवतालचे बरेचसे आकाश वायुदलाकडे असल्यामुळे नागरी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच पट्टा होता. सौदी अरेबियाचे जंबो विमान दिल्लीहून धहरानकडे निघाले होते, त्यात आखाती देशांत कामाला चाललेले अनेक भारतीय होते. कझाकस्तानचे इल्यूशिन चिमकेंतहून दिल्लीला येत होते. जंबोला १४,००० फुटांवर थांबवले होते आणि इल्यूशिनला १५,००० फुटांपर्यंतच उतरायला सांगितले होते. मध्ये १,००० फूट, म्हणजे जेमतेम ३०० मीटर. ऐकायला थोडे वाटते, पण पाळले तर पुरेसे आहे.

ते पाळले गेले नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो ठरवून दिलेल्या उंचीखाली उतरलेल्या कझाक विमानावर. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचे काम त्यांच्या रेडिओ ऑपरेटरकडे होते, आणि त्याच्यासमोर स्वतःचे उंचीमापक नव्हते. आकडा पाहायचा तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे. म्हणजे ज्याला सूचना कळत होती त्याला उंची दिसत नव्हती. मला या अपघातातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. चूक ध्यानात आल्यावर त्यांनी विमान पुन्हा वर घ्यायला सुरुवात केली, आणि तोवर ते बहुधा जंबोच्या पातळीखाली गेलेले असल्यामुळे, न चढते तर कदाचित खालून निसटलेही असते.

नियंत्रकाने काय केले, असे पुढे विचारले जाते. समोरून जंबो येत आहे आणि ते किती उंचीवर आहे, हे त्याने इल्यूशिनला सांगितले होते. त्याच्या रडारवर मात्र विमान कुठे आहे एवढेच दिसे, किती उंच आहे ते दिसत नसे. दोन ठिपके जवळ येणे, एकमेकांत मिसळणे आणि पलीकडे सुटे होणे हे तर त्या पडद्यावर रोजचेच. मिसळलेल्या ठिपक्यांकडे पाहून कोणी दचकत नाही. त्या दिवशी ते सुटे झालेच नाहीत. त्याने पुन्हा पुन्हा हाका मारल्या, पण उत्तर दोघांपैकी कोणाचेच आले नाही. दोन्ही विमानांतली मिळून ३४९ माणसे गेली. आकाशात झालेल्या टकरींमध्ये इतकी माणसे आजवर दुसरीकडे कुठेही दगावलेली नाहीत.

त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, विमानाकडूनच उंची कळवून घेणारे दुय्यम रडार आले, आणि समोरचे विमान ओळखून दोन्ही वैमानिकांना परस्परविरुद्ध सूचना देणारी, म्हणजे एकाला चढ आणि दुसऱ्याला उतर म्हणणारी, यंत्रणा भारतात सक्तीची झाली. (चहाच्या टपरीवर आजही नियंत्रकालाच शिव्या बसतात, ते वेगळे.)

पुतण्याला मी एवढेच सांगितले की खालून गेलेले ते विमान त्याच्या मनात आले तसे चुकून जवळ आलेले नव्हते. ते बहुधा बरोबर १,००० फुटांवरच होते, आणि त्याला तिथेच ठेवण्यासाठी जमिनीवर कोणीतरी पडद्यावरच्या त्या आकड्याकडे पाहत बसले होते.