डुलणारा काटा आणि गार हीटर

बाबांची गाडी २००१ सालची, पेट्रोलवरची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमावर पेट्रोल फवारणारी). गेल्या डिसेंबरपासून सिग्नलला थांबलं की तिची रेस आपोआप वर-खाली व्हायची. इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा हजारावरून सतराशेपर्यंत चढायचा, धपकन खाली यायचा, पुन्हा वर. शेजारी बसलेले बाबा बोलायचे नाहीत, पण त्यांचा हात डॅशबोर्डवर जायचा. वीस वर्षं त्यांनी ही गाडी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती.

गॅरेजमध्ये प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) धुतली, गाडी उभी असताना रेस सांभाळणाऱ्या आयडल व्हॉल्व्हचा कार्बन काढला. अडीच हजार गेले. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलू म्हणाले, तिथे मी थांबलो. तोवर नुसती बदलाबदली झाली होती, तपासणी अशी झालीच नव्हती.

मग आठवडाभर वहीत नोंदी केल्या. सकाळी गार इंजिनवर रेस पंधराशेला, पण अगदी स्थिर. चार-पाच किलोमीटर झाले, टेम्परेचरचा काटा मध्यावर आला, की डुलणं सुरू. कुठून हवा शिरते का म्हणून व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून दाबून पाहिले, काही फरक नाही.

शेजारचे काका साताऱ्याच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि एकच विचारलं, "हीटर गरम येतो का रे?"

मला महाबळेश्वरची रात्र आठवली. काच धुरकट झाली म्हणून हीटर लावला, तर गार वारा आला होता. बाबांच्या अंगावर शाल टाकली आणि हीटर बिघडलाय असं धरून चाललो. ती गोष्ट वहीत लिहायचं मला सुचलंही नव्हतं.

काकांनी इंजिन गरम होऊ दिलं आणि थ्रॉटल बॉडीला जाणाऱ्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) दोन बारीक पाइपांना माझा हात लावला. इंजिन तापलेलं, पाइप गारच. मग त्यांनी हवेचा मोठा पाइप काढला (आमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर त्या पाइपात नाही, म्हणून हे चाललं) आणि थ्रॉटलच्या तोंडाशी असलेल्या एका भोकावर बोट ठेवलं. रेस लगेच खाली येऊन स्थिरावली. बोट काढलं की पुन्हा डुलायला लागली.

त्या भोकामागे मेणाचा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो जास्तीची हवा आत सोडतो, म्हणून सकाळी रेस वर राहते. गरम कूलंट आलं की मेण फुगतं आणि वाट बंद होते. आमच्या गाडीत कूलंट कमी, त्यामुळे हवा वरच्या बाजूला, थ्रॉटल बॉडीत आणि हीटरच्या पाइपांत साठलेली. हीटरलाही ऊब त्याच कूलंटची, म्हणून तोही गार. मेण गारच राहायचं, वाट उघडी. इकडे ईसीएमला इंजिन गरम दिसतंय, थ्रॉटल बंद आहे, तरी रेस जास्त. म्हणून तो पेट्रोल तोडायचा. रेस पडली की पुन्हा सोडायचा. काटा डुलत होता तो यामुळे.

पण रेडिएटरला जोडलेली कूलंटची बाटली तर भरलेली दिसायची! काका म्हणाले, "बाटलीवर जाऊ नकोस." दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम असताना ते कधीही उघडू नये, उकळतं पाणी अंगावर येतं). रेडिएटरने सव्वा लिटर कूलंट घेतलं. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. गरम झाल्यावर कूलंट बाटलीत जायचं, पण गार होताना परत ओढलं जाण्याऐवजी चिरेतून हवाच आत यायची.

नवीन झाकण जुन्याइतक्याच दाबाचं आणलं. गाडीचं तोंड चढाला करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण न लावता इंजिन गार असतानाच चालू केलं. बुडबुडे येत राहिले, पातळी उतरेल तसं कूलंट ओतत गेलो. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाल्यावर झाकण लावलं. तोवर हीटरमधून चांगली ऊब यायला लागली होती आणि काटा साडेआठशेवर थांबला होता.

मला सगळ्यात लागलं ते हे, की कूलंट आणखी उतरलं असतं तर खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं असतं. आता दर रविवारी सकाळी बाबा स्वतः झाकण उघडून पातळी बघतात.