गच्चीवर मोगरा लावायचाय? आधी नळाचं बघा

मोगरा लावायला काही विशेष लागत नाही. सेमिनरी हिल्सकडच्या नर्सरीतून रोप आणायचं, कुंडीच्या तळाशी खापराचे तुकडे घालायचे, वर माती, कोकोपीट आणि मुरलेलं शेणखत. ऊन तर नागपुरात फुकट आहे. पण गच्चीवर फुलं लावायची तर आधी काय घ्यावं, असं कुणी मला विचारलं, तर मी रोपही सांगत नाही आणि कुंडीही नाही. मी सांगते, नळ घ्या. तोही लेखी घ्या.

आमची चार मजल्यांची जुनी इमारत प्रतापनगर भागात आहे, मी दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पश्चिमेला. एप्रिल लागला की दुपारी तीननंतर तिची भिंत हात ठेववणार नाही इतकी तापते आणि रात्री जेवणं झाली तरी ऊब सोडत नाही. तिथे सदाफुली आणि चिनी गुलाब तग धरतात, बाकी सगळ्या माना टाकतात. गच्चीवर मात्र पूर्वेकडच्या कठड्याला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपार कलली की टाकीची सावली पडते. मोगऱ्याला याहून बरी जागा शोधून सापडली नसती.

म्हणून निवृत्त झाल्यावर सोसायटीला अर्ज दिला. दोनच मागण्या. कठड्यालगत कुंड्या ठेवू द्या, आणि टाकी धुवायला जो नळ आहे तो सकाळी अर्धा तास वापरू द्या. नोकरीतली सारी वर्षं फायलींत गेली, त्यामुळे पोच घेतल्याशिवाय मी कागद हातचा सोडत नाही. सेक्रेटरी हसले. "ताई, घरच्याच माणसाले पोच कायची मागून राहिल्या?" मी म्हटलं, "सवय आहे भाऊ, करा सही." तारखेसकट सही घेतली. हा कागद पुढे किती कामी आला ते येईलच.

कुंड्यांना होकार जागेवर मिळाला. "ठेवा ना, कोण नाही म्हणते?" नळाचं मात्र "पाहू". त्या नळाच्या पाइपला व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाची चावी सेक्रेटरींच्या घरी, टीव्हीमागच्या खिळ्याला. मला ती चावी दारातून दिसायची. लाल दोऱ्यात ओवलेली. मी विचारायला जायची, ते म्हणायचे, "कमिटीत ठेवतो." कमिटीची मीटिंग लागायची, कोरम भरायचा नाही. भरला तर विषय पार्किंगवर सुरू व्हायचा आणि पार्किंगवरच संपायचा. मार्चमध्ये मोगऱ्याला कळ्या धरल्या आणि मी बादल्या वाहायला लागले. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत जाते, पुढचा जिना पायांनी.

एकदा ते म्हणाले, "कूलरचं पाणी टाका ना, वाया जाते ते." ऐकायला छान वाटतं, पण नागपूरकरांनो, हे करू नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार खाली उरतात, आणि तेच तेच पाणी फिरून दिवसागणिक जास्त खारट होत जातं. ते कुंडीत रोज ओतलं की मातीवर पांढरी साय धरते आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. ज्यांना पटत नाही त्यांनी कूलरच्या टाकीच्या कडेला साचलेला थर नखानं खरवडून पाहावा.

मग खरा आक्षेप बाहेर आला. "बिल सगळ्यांचं, फुलं तुमची." हा मुद्दा मला मान्य आहे, तो चुकीचा नाहीच. म्हणून मी हिशोब लिहून दिला. चाळीस कुंड्या, ऐन मे महिन्यात कुंडीमागे सकाळ-संध्याकाळ मिळून अडीच लिटर, म्हणजे दिवसाला शंभर लिटर. महिन्याला तीन हजार. पाण्याच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार लिटर, म्हणजे माझा मोगरा उन्हाळ्यात तीन युनिटं पिणार, आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मीही नाहीत. ते पैसे मी देते, वेगळं मीटर बसवा. खाली एक ओळ मुद्दाम घातली: प्रत्येक घरचा मोठा कूलर दिवसभर चालला की त्याची टाकी किती वेळा भरावी लागते, तेही कमिटीनं मोजावं. या ओळीवर कुणी काही बोललं नाही. पण चावीही खिळ्यावरून हलली नाही.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, मी बादल्यांवरच काढला. पंचेचाळीसच्या वर पारा, आणि मी पहाटे जिना चढतेय. चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू. पण वर पोचलं की कठड्याशी ओळीनं उमललेली ती पांढरी फुलं पाहून राग टिकायचा नाही. सासूबाई फुलं पदरात घ्यायच्या, देवाला वाहायच्या आधी एकदा स्वतः हुंगायच्या आणि "देवाला चालतं गं" म्हणायच्या. बर्डीच्या फूल मार्केटमधला गजरा आमच्या घरी त्या उन्हाळ्यात आलाच नाही.

हे लिहायचं राहू नये म्हणून इथेच सांगते. गजऱ्यासाठी फुलं नकोत, कळ्या खुडा. टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या, पण मिटलेल्या. ऊन कललं की खुडून ओल्या फडक्यात ठेवा, रात्रीपर्यंत घरात उमलतात. आणि बहर ओसरला की शेंडे कात्रीनं छाटा. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, न छाटता ठेवलात तर नुसती पानं पाहत बसाल.

जुलैमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका घरात छताला ओल आली आणि अख्ख्या इमारतीचं बोट माझ्या कुंड्यांकडे वळलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ओलीचा फोटो, त्याखाली माझ्या गुलाबाचा फोटो, मग रडके चेहरे. माझा भाचा स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, त्याला बोलावलं. तो गच्चीवर एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आत्या, कुंड्या पूर्वेला, ओल पश्चिमेला. त्या कोपऱ्यात टाकीचा ओव्हरफ्लो थेट स्लॅबवर पडून राहिला. आधी त्याला पाइप लावून खाली सोडा, मग बोला." वजनाचंही त्यानंच समजावलं. जिथे माणसांची ये-जा असते अशा सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. मी घरचा वजनकाटा वर नेला. काळ्या मातीनं भरलेली ओली मातीची कुंडी बावीस किलो, कोकोपीटचं मिश्रण भरलेली प्लॅस्टिकची तेवढ्याच मापाची बारा. म्हणजे चौरस मीटरला चार-पाच हलक्या कुंड्या ठेवल्या तरी मर्यादेच्या बऱ्याच आत. त्याही स्लॅबच्या मधोमध नाही, कडेला, बीमच्या रेषेत आणि लोखंडी स्टँडवर, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि झाडू फिरतो.

हे सगळं त्यानं लेटरहेडवर लिहून दिलं. उत्तर आलं, "भाच्याचं लेटर कसं चालेल?"

मी दुसरा इंजिनियर आणला. त्याची फी भरली. त्यानंही तेच लिहिलं, फक्त जास्त पानांवर. तोपर्यंत ओव्हरफ्लोला पाइप बसला होता, पावसानं उघडीप दिली होती आणि छतावरचा डाग कडेकडेनं वाळायला लागला होता. ग्रुपवर त्याचा फोटो मात्र कुणी टाकला नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची आमची नागपुरी मिरवणूक. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी ऐकताना मी मनातल्या मनात जोडून दिलं, "आणि आमच्या सेक्रेटरींचं 'पाहू' पण घेऊन जा गे मारबत!"

तिनं ऐकलं असेल नसेल, पण मी सर्वसाधारण सभेची वाट धरली. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कमिटीत जे वर्षभर लोंबकळतं ते तिथे सगळ्यांसमोर येतं. सभेची नोटीस निघायच्या आधीच, माझा विषय अजेंड्यावर घ्या, असं लेखी दिलं. सोबत पहिल्या अर्जाची पोच, हिशोब आणि दोन्ही इंजिनियरांची पत्रं. सभेत पोच वाचून दाखवली. तारीख ऐकून मागच्या रांगेतले एक काका, ज्यांच्याशी माझं कधी धड बोलणंही नाही, ते उठून म्हणाले, "अरे, एका नळाले वर्ष लावता का बे?" त्यानंतर फार चर्चा झाली नाही. ठराव झाला: कुंड्या स्टँडवरच, झाडं नाहीत फक्त फुलझाडं, कुंड्यांमुळे गळती झाली तर खर्च माझा, आणि नळाला वेगळं मीटर माझ्या खर्चानं. मी चारही अटी हसत मान्य केल्या. तुमच्याकडे असा ठराव झाला तर इतिवृत्ताची प्रत लगेच मागा. शब्द बदलायला वेळ लागत नाही.

एवढं झाल्यावरही "प्लंबर सापडून नाही राहिला" ऐकावं लागलंच. प्लंबर मी आणला. त्यानं पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, काढली, बॉल व्हॉल्व्ह बसवला, तळहाताएवढं मीटर लावलं. सगळं मिळून एका सकाळचं काम. ज्या कामाला एक सकाळ लागते त्याच्यासाठी अख्खा उन्हाळा मी पाण्याच्या बादल्या उचलल्या, हे आठवलं की आजही डोकं फिरतं.

पण आता सकाळी नळ सोडते ना, तेव्हा मी राणी असते! फोन खालीच राहतो. पहिली गोष्ट, उन्हाळ्यात पाइपमधलं पहिलं पाणी झाडाला घालायचं नाही. दिवसभर उन्हात पडलेल्या पाइपमधून संध्याकाळी चहा होईल असं पाणी येतं. ते बादलीत घेऊन गच्ची धुवायला वापरायचं आणि धार गार लागली की मग कुंड्यांकडे वळायचं. बोट मातीत दोन पेरं घालायचं. ओल लागली तर ती कुंडी सोडून पुढे. दुपारी जास्वंदीनं मान टाकली म्हणून ती तहानलेलीच असते असं नाही, मे महिन्यात ती ऊन टाळते, संध्याकाळी आपोआप उभी राहते. नुसती काळी माती असेल तर ती वाळून कुंडीच्या कडा सोडते आणि पाणी त्या फटीतून तळाला निघून जातं, माती कोरडीच. अशी कुंडी घमेल्यात पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

पाणी पानांवर नाही, बुडाशी. झारीची चाळणी काढून. वर वाळलेल्या पानांचा थर दिला तर मे महिन्यातही माती दुपारपर्यंत ओलसर राहते. सावलीसाठी हिरवी नेट पन्नास टक्के ऊन अडवणारी पुरते, पण ती नीट बांधा. एप्रिलमधल्या अवकाळी वादळात आमची एक नेट शेजारच्या इमारतीच्या डिशला जाऊन अडकली.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात, मोगऱ्याची जानेवारीअखेर. जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की आधी पाण्याची जोरदार धार मारून झाडून काढा, मग लिटरला पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, फवारणी ऊन उतरल्यावर.

आता वर शिंजीर येतो, एवढासा पक्षी, जास्वंदीला उलटा लटकून चोच खुपसतो. मधमाश्या कुंड्यांखालच्या ताटल्यांवर पाणी प्यायला बसतात. मच्छर नको म्हणून त्या ताटल्या मी दर दोन दिवसांनी पालथ्या करते, तरी दुसऱ्या दिवशी त्या माश्या रिकाम्या ताटलीच्या कडेला येऊन वाट बघतात. चौथ्या मजल्यावरच्या ताई, ज्यांच्याकडे ओल आली होती, त्याच संध्याकाळी खुर्ची घेऊन वर येतात. "नळ सोडा, वास येऊ द्या" म्हणतात. तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा. आणि यंदाच्या मे महिन्यात माझं मीटर तीन युनिटांच्या जरासं वर गेलं, हे मी सेक्रेटरींना बिलाच्या पैशांसोबत कागदावर लिहून दिलं. पोच घेतली.

सध्या दुसरा अर्ज सुरू आहे. गच्चीवर रात्रभर जळणारा मोठा एलईडी लावलाय. शेवंती कळी धरते ती रात्री लांबायला लागल्यावर, आणि रात्री अंधार मिळाला तरच. गेल्या हिवाळ्यात टाकीआडच्या शेवंत्या फुलांनी पिवळ्या झाल्या आणि दिव्याखालच्या तेवढ्याच वयाच्या नुसत्या पाल्यानं वाढत राहिल्या. दिव्याला सेन्सर लावा, माणूस आला की पेटेल, विजेचंही बिल वाचेल, असं लिहून दिलंय. उत्तर अर्थातच "पाहू". विषय सप्टेंबरच्या सभेच्या अजेंड्यासाठी दिलाय. तोवर शेवंतीच्या सगळ्या कुंड्या मी टाकीमागे सरकवल्यात. तुमच्या गच्चीवर असा दिवा असेल तर गणपती उठायच्या आत सरकवून घ्या.