ग्रीनवुडचं लाकडी घर

अटलांटाहून सकाळी सातला निघालो आणि जेवणाच्या आत साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनवुडला पोहोचलो. अमेरिकेतले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ डॉ. बेंजामिन मेज यांचं जन्मघर मूळ जागेवरून हलवून इथं आणलंय, तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

लाकडी, लहानसं घर. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, पुढे कुळानं जमीन कसून कापूस पिकवणारे. मी वर्ध्याचा, कापसावर उभं राहिलेलं आणि कापसानंच दमवलेलं घर मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

1898 मध्ये याच मुलुखात बंदूकधारी गोऱ्यांचा घोडेस्वार जमाव आला. त्यांनी मेज यांच्या वडिलांना टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. चार वर्षांच्या पोरानं ते पाहिलं. आयुष्यातली पहिली आठवण म्हणून त्यांना हीच आठवायची. उंबऱ्यात मी बराच वेळ थांबलो.

शाळा वर्षाला जेमतेम चार महिने, बाकी शेत. पुढं शिकायचं म्हटल्यावर वडिलांनी रागानं दहा डॉलरची नोट अंगावर फेकली. पोरगा ती उचलून निघाला. शिकागोतून डॉक्टरेट घेतली आणि 1940 ते 1967, तब्बल सत्तावीस वर्षं, अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचं अध्यक्षपद सांभाळलं. फीवसुलीत इतके कडक की मुलांनी त्यांचं नावच ‘बक बेनी’ पाडलं होतं; बक म्हणजे बोलीत डॉलर. आणि त्याच मुलांमध्ये 1944 साली पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग येऊन दाखल झाला.

त्याआधी, 1936-37 च्या हिवाळ्यात, मेज भारतात आले होते. वर्ध्यात त्यांनी गांधीजींशी दीड तास बोलणं केलं. सेवाग्रामला पाहुण्यांना घेऊन मी कितीदा गेलोय, पण हे नाव मला तिथं कुणी सांगितलं नव्हतं. त्याच दौऱ्यात म्हैसूरकडं अस्पृश्यांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली: हेही आपल्यासारखेच अस्पृश्य, आणि बघा कुठवर पोहोचले. मेज आधी चपापले, मनातून रागावलेही. मग विचार केला, आपल्या देशात आपण दुसरं कोण आहोत? ते म्हणणं त्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी मोरहाऊसला गेलो. 9 एप्रिल 1968 ला, सत्तरी ओलांडलेल्या मेज यांनी याच आवारात आपल्या विद्यार्थ्याला, किंगला, अखेरचा निरोप दिला. आता मेज स्वतः इथंच विसावलेत, शेजारी पत्नी सेडी. दप्तरं पाठीला लावून मुलं समाधीजवळून वर्गाकडं चालली होती. मी चपला काढल्या आणि नमस्कार केला.