चट्टा नसलेला माणूस

दिवाळी तोंडावर आली होती. ऊसतोडीला जायच्या आत दाखवून घ्यावं म्हणून आशाताई बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरून एका बाईला घेऊन आल्या. दंडावर एकच चट्टा. कडा स्पष्ट, मधे कोरडा, लव झडलेली. डोळे मिटून घेतले, पेनाचं टोक टेकवलं; आजूबाजूला बोट अचूक ठेवते, चट्ट्यावर काहीच कळत नाही. कुष्ठरोगाचा असांसर्गिक प्रकार. शरीर जंतूशी झुंजतं, म्हणून तो एका जागी अडकतो. सहा महिन्यांचं औषध.

नवरा दारात उभा होता. उन्हात त्याच्या कानाची पाळी दिसली आणि मी उठलोच. पाळी जाड, गाठाळ. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ. चेहरा तेल चोळल्यासारखा तुकतुकीत.

"मला कुठं चट्टा हाय, सायेब? हिचं बघा की."

खरंच नव्हता. अख्खी पाठच लालसर नि चकचकीत, तिथं चट्टे मोजायचे कसे? कोपरामागची नस मात्र दोन्हीकडं दोरीसारखी लागली.

पाळी पांढरी पडेपर्यंत चिमटीत दाबून धरली, पाच मिलिमीटर लांब चीर दिली, पातं आडवं करून खरवडलं. रक्त मिसळलं की नमुना गेला. हे जमणारे हात आता मोजकेच उरलेत. २००५ साली देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं, म्हणजे दहा हजारांमागं एकाहून कमी रुग्ण. रोग संपला असं नव्हे. पण लोकांनी तसंच धरलं.

सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर निळ्या रंगात लाल काड्यांचे, म्हणजे जंतूंचे, जुडगेच्या जुडगे होते.

"दोन सालामागं तुमीच आला हुता ना घरी?" बाईनं विचारलं. रजिस्टर काढलं. त्याच्या नावापुढं 'चट्टा नाही' लिहिलेलं, अक्षर माझं. फॉर्मवर बधिर चट्ट्याचाच प्रश्न होता, मी तेवढाच विचारला होता. ज्याच्या अंगात सगळ्यात जास्त जंतू, त्यालाच दाखवायला चट्टा नसतो, हे मला पाठ असूनही मी त्याचा कान पाहिला नाही.

"हिला माज्यामुळंच झालं का?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं नाही. रोग दिसायला कित्येक वर्षं जातात, एवढंच सांगितलं.

मुकादमाची उचल घेतलेली, थांबणं शक्य नव्हतं. पहिला डोस समोर घ्यायला लावला, कातडी काळवंडेल हे बजावलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ताप आला, गाठी दुखल्या, हात लुळा पडला तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, फोन करायचा. खाली माझा नंबर. दर रविवारी मीच लावतो.