लस कातडीखाली गेली की केसांवर?

2022 च्या ऑगस्टात रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, सापडला आणि बघता बघता आमच्या पारोळ्याकडेही गुरांचे बाजार बंद, बैलांची ने-आण बंद. मी पशुसंवर्धनाची पदविका करून नुकताच घरी आलो होतो. लसीकरणाला माणसं कमी होती, म्हणून गुरांच्या दवाखान्यातल्या साहेबांनी बोलावलं. सुई मारायला काय लागतं, असं माझं मत होतं.

लम्पीला तेव्हा शेळ्यांच्या देवीचीच लस वापरत होते, गोट पॉक्स. जिवंत विषाणूची लस. एका कुपीत 100 मात्रा, द्रावणात विरघळवली की काही तासांत संपवायची, उरली तर फेकायची. त्यामुळे कुपी फोडण्याआधी आम्ही गल्लोगल्ली फिरून गुरं मोजली. चार महिन्यांच्या आतली वासरं वगळली, अंगावर गाठी किंवा ताप असलेली वगळली. आजारी जनावराच्या खळ्यात त्या दिवशी पायच ठेवायचा नाही, असा साहेबांचा दंडक. सुईलाच रोग लागून तो पुढच्या गोठ्यात जायचा. प्रत्येक जनावराला नवी सुई. थर्मासमध्ये बर्फ, त्यात कुपी, वर ओलं फडकं. ऊन लागू द्यायचं नाही. मी टोचायच्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवायला निघालो तर साहेबांनी हात धरला. स्पिरिटनं ही लसच मरते म्हणे.

आता टोचणं. लाळ्या-खुरकुताची लस खोल मांसात देतात, ती मला शिकताना जमली होती. ही कातडीखाली द्यायची, फक्त 1 मिली. मानेच्या मधोमध डाव्या हाताच्या चिमटीत कातडी उचलायची, ताडपत्री मधूनच उचलावी तशी, आणि त्या पोकळीत सुई तिरकी सारायची. सुईचं टोक आत मोकळं हललं पाहिजे. अडलं तर मांसात गेलं समजायचं. गाईची कातडी बऱ्यापैकी सैल. बैलाची मात्र जाड, त्यात तो मान ताणून उभा, चिमटीत नीट येतच नाही. मग वेसण धरणारा माणूस चांगला हवा. आमच्याकडे ते काम सालदाराचं, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्याचं. सालदार ज्या बाजूला उभा त्याच बाजूला आपण राहायचं, हे मला दुसऱ्या बैलाच्या लाथेनं शिकवलं.

पहिली बारा-तेरा जनावरं भराभर झाली. मी खूश. तेराव्या गाईजवळ साहेब आले, टोचून झाल्यावर मानेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट ओलं. सुई चिमटीच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आली होती. लस केसांवर.

"आधीच्यांची मान पाहिली होती का?"

नव्हती पाहिली. टोचलं की कातडीखाली वाटाण्याएवढा फुगा हाताला लागतो, तो लगेच चाचपायचा असतो. मी पुढच्या गोठ्याकडे पळत होतो. आठवून आठवून चार जनावरांबद्दल शंका निघाली, त्यात तो लाथ मारणारा बैल. साहेब म्हणाले, "दोनदा गेली तर बिघडत नाही. कोरडं राहिलं तर बिघडेल." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परत गेलो. पहिल्या घरच्या आप्पांनी तोंडच वाकडं केलं. "भाऊ, एकदा टोची गया ना तू? दूध कमी व्हई जाई." मी खरं सांगून टाकलं, माझा हात चुकला म्हणून. एकदोन दिवस ताप येईल, दूध थोडं उतरेल, टोचल्या जागी गाठ राहील, ती घाबरण्यासारखी नाही, हेही सांगितलं. लसीनं जोर धरायला साधारण तीन आठवडे लागतात, तोवर माशा-गोचिडांचा बंदोबस्त करा, हेही. आप्पा ऐकून घेत होते, पण नजर माझ्या हाताकडे.

गाय झाली. फुगा हाताला लागला, दोनदा चाचपला. मग बैलाकडे वळलो. त्यानं मला लांबूनच पाहिलं, कान मागे टाकले आणि खुंट्याभोवती फिरायला लागला.

सालदार कासरा आवळत हसला. "आते तो तुले वळखी गया, भाऊ."