उलंगवाडीनंतरचं गिऱ्हाईक

यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या गावात कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली होती. बायका हरभरा सोंगून परतल्या, तेव्हा कुठे समाजमंदिरात बैठक सुरू झाली. आत्महत्या कशा टाळाव्यात, यावर मी गावोगाव बोलते. खचलेल्या माणसाची लक्षणं लोक ऐकून घेतात. 'शंका आली तर थेट विचारा' म्हटलं की अडतात. एक आजी म्हणाल्याच, "असं अभद्र बोलू नये, बाई. नसलेलं मनात भरते." विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आजींना ते पटलं नाही.

तेवढ्यात मागून कृषी केंद्रवाले भाऊ उठले. नाव न घेता म्हणाले, "वावरात फवाराले काही उरलं नाही, अन् परवा एक जण औषध मागाले आला. संपलं म्हणून सांगतलं, चहा पाजला. पण इचारू कसं? माहीच उधारी हाये त्याच्यावर."

मी तक्ते बाजूला ठेवले. डॉक्टरच्या कितीतरी आधी असा माणूस दुकानदाराला दिसतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं आलं.

"पोलिसांचं लफडं झालं तर?" कोणीतरी विचारलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तणावग्रस्त मानून उपचार देणं सरकारवर बंधनकारक केलंय, हे मी सांगितलं. मग तिथंच सराव घेतला. आशाताई शेतकरी झाल्या. भाऊंनी बोंडअळी काढली, तुरीचा भाव काढला, पोरीचं लग्न काढलं. प्रश्न काही तोंडातून निघेना. शेवटी आजीच करवादल्या, "अरे, सरळ इचार ना! जीव द्याचं मनात येते काय तुह्या?"

त्याच रात्री आम्ही तिघं त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलो. भाऊ म्हणाले, "उधारीचं पुढच्या हंगामात पाहू." मग विचारलं, अगदी आजींच्याच शब्दांत.

"येते," तो म्हणाला. आणि बोलत राहिला. उपदेश कोणी केला नाही, मला त्याचंच फार बरं वाटलं. घरात उरलेलं औषध बायकोनं काढून दिलं, ते भाऊंनी सोबत नेलं. 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला, फोन तिथूनच लावला. तो चोवीस तास, फुकट आणि मराठीत चालतो. सकाळी आशाताई त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

आता तालुक्यातल्या कृषी केंद्रवाल्यांचीच बैठक घ्यायची आहे. यादी भाऊ करताहेत.